आवाज चोरीला गेला आणि सापडलो मी

मी माईक बोलतोय. ‘हॅलो, हॅलो, चेक’ असलं काही मी म्हणणार नाही. ते तुम्ही म्हणायचं असतं, मला टिचक्या मारत, तोंडावर फुंकर घालत. आज बोलायची पाळी माझी आहे, आणि मला गोड बोलायचं नाही. गोड बोललेलं मी आयुष्यभर ऐकलं. सोन्याच्या दुकानांचं, दहावीच्या क्लासांचं, साड्यांच्या सेलचं, मतं मागणाऱ्यांचं. सगळं माझ्या जाळीतून आत गेलं आणि भोंग्यातून बाहेर पडलं. त्यातलं खरं किती होतं हे मला विचारू नका. मला खोटं गाळायची चाळणी बसवलेली नाही.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यातला. वरती गोल लोखंडी जाळी, आत स्पंजाचा तुकडा, त्याच्याखाली पापडापेक्षा पातळ पडदा आणि तारेचं वेटोळं. माणूस बोलला की पडदा हलतो. तार जोडलेली असली तर आवाज पुढं जातो. नसली तरी पडदा हलतोच, फक्त ऐकलेलं माझ्यापाशीच राहतं. एवढाच माझा देह आणि एवढंच माझं शिक्षण.

मला विकत घेतलं कोल्हापूरच्या बाळासोंनी. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची रेकॉर्डिंगची खोली होती. खाली पेशंट कण्हायचे, शेजारच्या क्लासमध्ये पोरं पाढे म्हणायची, रस्त्यावर रिक्षावाले हॉर्नवर हात ठेवूनच जायचे. म्हणून बाळासोंच्या बायकोनं चारी भिंतींना वाकळा टांगल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या त्या जाड गोधड्यांनी सगळं शहर बाहेर अडवून धरलं होतं. शहरातल्या जाहिरातीच्या रिक्षांवर जे काही वाजायचं, त्यातलं बरंचसं त्या खोलीत तयार व्हायचं.

बाळासो तोंडाचे फटकळ. नवशिका कुणी आला की पहिल्याच वाक्याला त्याला थांबवून म्हणायचे, की माईक बहिरा न्हाय, आणि गिऱ्हाईक बी न्हाय. पण माणसाचा आवाज पारखायचा त्यांना नाद होता. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला स्पीकरचं काम त्यांच्याकडे असे. तिथं गुलालाच्या धुरळ्यात मी दिवसभर हरवलेल्यांची नावं पुकारायचो. गुलाल माझ्या जाळीत जाऊन बसायचा आणि पुढं महिनाभर माझ्यातून बोलणारा प्रत्येक माणूस शिंकायचा.

अशाच एका यात्रेत बेळगावकडची एक म्हातारी चुकली. तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं आणि आमच्या मांडवात कुणाला कानडी येत नव्हतं. म्हातारी नुसती रडत होती. तेव्हा दर्शनाच्या रांगेतून एक वीस वर्षांची मुलगी पुढं आली. कागलच्या पलीकडच्या गावातली, लिंगायताची. आपल्या अव्वाचा, आईचा हात सोडून ती मांडवात शिरली, म्हातारीशी कानडीत बोलली, आणि कुणाला न विचारता मला हातात घेऊन तिनं आधी कानडीत आणि मग मराठीत पुकारा केला.

म्हातारीचा मुलगा सापडला. बाळासोंचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी मुलीच्या अव्वाला गाठलं आणि विचारलं, की हिला राजारामपुरीत घेऊन याल काय. त्या मुलीचं नाव निर्मला.

पुढची वीस-बावीस वर्षं मी तिच्या तोंडासमोर काढली. लग्न होऊन ती कळंब्याला आली, नवरा फौंड्रीत कामाला, एक मुलगी झाली. बसनं राजारामपुरीत यायची, पाणी प्यायची, चप्पल काढायची आणि माझ्यासमोर उभी राहायची. तिचे दोन आवाज होते. माझ्यासमोर ती ‘ग्राहकहो, आपल्या सेवेत आम्ही सादर करीत आहोत’ असं पुस्तकातल्यासारखं बोले. वाक्य संपलं, लाल दिवा विझला, की लगेच ‘मी दमलो बाई, चहा सांगा की’ असं कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं, पुरुषासारखी क्रियापदं लावून. लोकांनी तिचा पहिला आवाज ऐकला. दुसरा फक्त तिच्या गल्लीला, बाळासोंना आणि मला माहीत होता.

तिचा आवाज कुठं नव्हता? दूध संघाच्या जाहिरातीत होता. शाळांच्या गॅदरिंगमध्ये होता. सीमेकडच्या बाजारात कानडीत होता. एका पतसंस्थेला फोन लावला की ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारी तीच. एकदा तिनं स्वतःच त्या पतसंस्थेला फोन केला आणि स्वतःच्याच आवाजानं तिला चांगलं ताटकळत ठेवलं. हे सांगताना ती इतकी हसली, की बाळासोंना त्या दिवशीचं रेकॉर्डिंग तीनदा थांबवावं लागलं. पण रस्त्यात तिला कुणी ओळखत नसे. भाजीवाली तिच्या आवाजातली जाहिरात ऐकत ऐकत तिलाच कोथिंबिरीची शिळी जुडी द्यायची.

अशी कितीतरी माणसं त्या खोलीत येऊन गेली. लग्नपत्रिकेचं निवेदन करणारे, पोवाड्याला मागं झील धरणारे, कुस्तीच्या मैदानात पुकारा करणारे. तुमचा प्रत्येक सण, प्रत्येक निवडणूक, प्रत्येक दुकानाचं उद्घाटन या माणसांनी रंगवलं. तुम्ही त्यांना काय म्हणालात? ‘तो स्पीकरवाला’. आता म्हणे या सगळ्याला सर्जनशील उद्योग म्हणतात. नाव मोठं झालं तशी माणसं दिसेनाशी झाली.

बाळासो गेले आणि खोली त्यांच्या मुलाकडे, विजयसिंहाकडे आली. तो पुण्यात कोर्स करून आलेला. आल्या आल्या त्यानं वाकळा काढून फेकल्या आणि भिंतींना काळा स्पंज लावला. जाहिरातीला तो कंटेंट म्हणू लागला आणि निर्मलाला आर्टिस्ट. पण आर्टिस्टसाठी पूर्वी जी खुर्ची होती, ती त्यानं गिऱ्हाइकांच्या बाजूला नेऊन ठेवली.

मला तो पोरगा पहिल्यापासून आवडला नाही. तो ऐकायचा नाही, तो मोजायचा. निर्मला बोलत असताना बाळासो डोळे मिटून घ्यायचे. हा कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या रेघा बघायचा.

एका उन्हाळ्यात त्यानं तिला एका मोठ्या कंपनीचं काम आहे म्हणून बोलावलं आणि वाक्यं वाचायला दिली. त्या वाक्यांना एकमेकांशी काही संबंध नव्हता. ‘गाडी वेळेवर आली.’ ‘आंबा नासका निघाला.’ ‘तू असं का केलंस?’ एकच वाक्य आनंदानं, मग रागानं, मग रडत, मग कुजबुजत. कितीतरी दिवस हे चाललं. हे कशासाठी, असं तिनं दोनदा विचारलं. स्टॉकसाठी, असं तो म्हणाला. तिनं पुढचं वाक्य वाचायला घेतलं. बाळासोंचा मुलगा होता तो. लहानपणी याच खोलीत तिच्या मांडीवर झोपलेला.

त्या दिवसांत एक नवी गोष्ट घडत होती, ती तिला माहीत नव्हती. लाल दिवा विझायचा, पण रेकॉर्डिंग चालूच राहायचं. चहा पिताना ती जे बोलायची, तेही माझ्यातून आत जात होतं. सासरच्या गोष्टी, मुलीच्या कॉलेजच्या गोष्टी. आणि एक गोष्ट क्रांतीची.

क्रांती म्हणजे कळंब्यातली तिची शेजारीण. मराठ्याची, नवरा लवकर गेलेला, घरी म्हशी आणि सासू बायडाबाई. निर्मला रेकॉर्डिंगला यायची तेव्हा तिची मुलगी क्रांतीच्या घरी जेवायची, तिथंच झोपायची. दोघी रोज सकाळी कळंबा तलावाच्या काठानं चालायला जात. अशाच एका सकाळी क्रांती रडली होती. सासूशी भांडण झालं होतं आणि रागाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं होतं, ‘घर माझं हाय, पटत नसंल तर वाट मोकळी हाय.’ म्हातारी खरंच पिशवी घेऊन लेकीकडं निघून गेली. गावाला वाटलं, लेकीला भेटायला गेली असेल. आठवड्यानं राग गेला आणि म्हातारी परत आली. ते वाक्य मात्र क्रांतीनं एकट्या निर्मलाला सांगितलं.

निर्मलानं ते चहाच्या कपासोबत माझ्यासमोर सांगितलं. वाईट हेतूनं नव्हे. मैत्रिणीची काळजी वाटली म्हणून बोलली, जसं तुम्ही सगळेच बोलता. विजयसिंह ‘अरेरे’ म्हणाला.

वाक्यं वाचून झाली आणि निर्मलाला येणारे फोन कमी होत होत थांबले. मला तारेतून काढून एका खोक्यात टाकलं गेलं, तुटक्या हेडफोनच्या आणि वायरींच्या गुंत्यात. खोका खोलीच्या कोपऱ्यातच होता. तिथून मी रोज ऐकायचो. निर्मला खोलीत नसायची, पण तिचा आवाज असायचा. विजयसिंह कीबोर्डवर वाक्य टाइप करायचा आणि यंत्र तिच्या आवाजात ते बोलायचं. सकाळी सोनं विकायचं, दुपारी गुडघ्याचं तेल. मी तिला बावीस वर्षं ओळखत होतो, तरी पहिले काही दिवस मी फसलो.

त्याच सुमाराला एका हॉटेलात समारंभ झाला आणि विजयसिंहाला तरुण सर्जनशील उद्योजक म्हणून मानचिन्ह मिळालं. ते त्यानं माझ्या खोक्याच्या वरच्या फळीवर ठेवलं. येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, की आता आर्टिस्टच्या घशावर अवलंबून राहायची गरज नाही.

मग कळंब्यात निवडणूक आली आणि क्रांती उभी राहिली. तलावात येणारं सांडपाणी बंद करायचं एवढाच तिचा हट्ट होता. समोरच्या उमेदवाराची माणसं राजारामपुरीत आली. त्यांना धारदार काहीतरी हवं होतं. विजयसिंहानं त्यांना बसवलं, चहा सांगितला, थोडा वेळ जुनी रेकॉर्डिंग चाळली आणि मग टाइप केलं. यंत्र बोललं ते पुस्तकी मराठीत नव्हे. निर्मलाच्या घरच्या आवाजात बोललं.

‘मी क्रांतीच्या शेजारी राहतो, म्हणून सांगतो. सासूला काय म्हणली ठावं हाय? घर माझं हाय, पटत नसंल तर वाट मोकळी हाय. जी सासूला घरात ठिवत न्हाय, ती गावाला काय सांभाळणार?’

ती माणसं हसली. एकानं टाळी दिली. मी खोक्यात होतो. मला हात असते तर मी खोक्यातली एखादी वायर त्या पोराच्या गळ्याभोवती आवळली असती. तुम्हाला हे ऐकायला बरं वाटत नसेल. मला ते ऐकायला बरं वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी भर दुपारी निर्मला आली. चप्पल काढल्याचा आवाज आला नाही, त्यावरूनच ती रागात आहे हे मी ओळखलं.

‘विजू, रिक्षातनं वाजतंय ते कोण बोललंय?’

‘अक्का, बसा की. चहा सांगतो.’

‘चहा नको. कोण बोललंय?’

‘कोण बोललं न्हाय. तयार केलंय.’

मग तिचा बांध फुटला. रिक्षा गल्लीतून फिरत होती आणि गल्ली निर्मलाच्या दाराकडं बघत होती. ती क्रांतीच्या घरी धावली, तर क्रांतीनं दार उघडलं नाही. आतून एवढंच म्हणाली, की पोरीला तुझ्या जेवायला घातलं, त्याचं हे दिलंस व्हय. निर्मला पायरीवर उभी राहून शपथा घेत राहिली, आणि मागून रिक्षातून तिचाच आवाज तिला खोटं पाडत राहिला.

विजयसिंह शांतपणे ऐकत होता. आवाज तुमच्यासारखा आहे, तुमचा नाही, असं तो म्हणाला. या खोलीत बोललेलं सगळं स्टुडिओचं, असंही म्हणाला.

‘तुमचा आवाज तुमच्या गळ्यात हाय की अजून. मी काय काढून घेतला?’

‘आणि क्रांतीच्या घरातलं वाक्य? ते बी स्टुडिओचं?’

‘ते तुम्हीच बोललाय, अक्का. मी काय त्यांच्या दाराला कान लावून बसलोतो?’

यावर ती काही बोलली नाही. मी तिच्या आयुष्यातली सगळी शांतता ऐकलेली आहे. दोन वाक्यांमधली, श्वास घेतानाची, बाळासो गेल्याचं कळलं तेव्हाची. ही त्यातली नव्हती. हिच्यात माणूस आपल्याच तोंडाकडं परक्यासारखं बघत होता.

हा आवाज यंत्राचा आहे एवढं लोकांना सांग, म्हणून तिनं त्याला शेवटी विनवलं. गिऱ्हाईक तुटेल, असं तो म्हणाला. मतदान झालं की लोक विसरतात, असंही म्हणाला. मग तिची नजर कोपऱ्यातल्या खोक्यावर गेली असावी, कारण वायरी बाजूला सारल्या गेल्या आणि ओळखीचा हात माझ्या मानेभोवती पडला.

‘अक्का, ते ठेवा. स्टुडिओचं हाय.’

‘तुला लागतोय कुठं?’ ती म्हणाली आणि मला पिशवीत टाकून जिना उतरली.

ती रिक्षा अण्णाप्पा चालवायचा. तिच्याच माहेरच्या गावचा म्हातारा, तिचा लांबचा मामा. कळंब्याच्या रस्त्यावर ती रिक्षाच्या आडवी उभी राहिली. अण्णाप्पानं इंजिन बंद केलं, पण तिच्याशी बोलायची त्याची इच्छा नव्हती. आपण पेन ड्राइव्ह लावला एवढंच, बोलायच्या आधी तू विचार करायचास, असं त्यानं तिला कानडीत सुनावलं. तिनंही त्याला कानडीतच सगळं सांगितलं. मग त्यानं पेन ड्राइव्ह उपसून काढला, रस्त्याकडेच्या गटारात टाकला आणि भोंग्याची तार माझ्या बुडाला जोडली.

चौकात रिक्षा थांबली. निर्मला बोलू लागली आणि सवयीनं तिचा पहिला आवाज आला. ‘मतदार बंधू-भगिनींनो.’ कुणी मान वर केली नाही. चहाच्या गाड्यावरचा माणूस ओरडला, की नवीन क्लिप आली वाटतं, आवाज बारीक करा. दुसरा म्हणाला, ही बाई दोन्हीकडनं वाजते. बावीस वर्षं ती या लोकांशी रिक्षातून बोलत आली होती. आता रिक्षात खरी बाई बसली आहे हे त्यांना खरं वाटेना.

मग ती मला घेऊन खाली उतरली. तार पुरेल तिथपर्यंत पुढं आली आणि चौकात उभी राहिली. तिचा तळहात घामानं ओला झाला होता. इतक्या वर्षांत तो कधी ओला झाला नव्हता.

‘मी निर्मला. हितंच राहतो, मागच्या गल्लीत. रिक्षातनं जे ऐकालाय ते मी बोललेलो न्हाय. राजारामपुरीत माझा आवाज मशीनमधी घातलाय, त्यातनं ते काढलंय.’

लोक जमू लागले. फोन वर झाले. इथंच ती थांबली असती तर बरं झालं असतं, असं तुम्ही म्हणाल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

‘पण त्यातलं वाक्य क्रांतीनं मला सांगितलंतं. रडत सांगितलंतं. आणि मी ते दुसऱ्याच्या खोलीत बसून बोललो. आवाज त्यांनी चोरलाय. गोष्ट मी दिली.’

‘म्हणजे खरं हाय की मग,’ मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा चौक हसला.

हसणं विरायच्या आधी गर्दीतून दुधाच्या किटलीचा आवाज करत बायडाबाई आली. तिनं मला निर्मलाच्या हातातून ओढून घेतलं आणि जाळीच्या उलट बाजूनं धरलं. तरी तिचं बोलणं शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. ‘सून बोलली, मी बी बोललो. रागानं गेलतो, राग गेला तसा आलो. ज्याच्या घरात भांडण न्हाय त्यानं हसावं.’ मग तिनं मला परत दिलं. निर्मलाकडं बघितलं नाही. किटली वाजवत निघून गेली.

मागच्या गल्लीतल्या एका माडीची खिडकी चौकाकडं उघडी होती. ती लागल्याचा आवाज आला. ते क्रांतीचं घर होतं.

संध्याकाळपर्यंत नवी क्लिप सगळ्या फोनवर पोचली. त्यात बायडाबाई नव्हती, मशीन नव्हतं, राजारामपुरी नव्हती. फक्त निर्मलाचा खरा आवाज होता, ‘गोष्ट मी दिली’ एवढाच. पहिल्यांदाच तिच्या आवाजाला तिचं नाव लागलं, आणि ते असं लागलं.

निकालाच्या दिवशी सकाळी ती पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेली. मी पिशवीतच होतो. हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी दिलं आणि काय चोरीला गेलं ते विचारलं. आवाज, असं ती म्हणाली.

‘मग आत्ता बोलालाय तो कुणाचा?’

त्यानं थट्टा केली नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं. अर्ज ठेवून घेतो, चौकशी करतो, असं म्हणून त्यानं कागद बाजूला ठेवला.

तेवढ्यात विजयसिंह आला, तोही तक्रार घेऊन. त्याच्या फोनमध्ये स्टुडिओतल्या कॅमेऱ्याची क्लिप होती, तिच्यात निर्मला मला पिशवीत टाकताना दिसत होती. माझं जुनं बिल त्याच्याकडे होतं, माझ्या बुडावरचा नंबर त्याच्याकडे होता. ज्याला त्यानं खोक्यात फेकलं होतं, त्याच्यासाठी तो स्टुडिओचा अमूल्य ठेवा असे शब्द वापरत होता. तिनं अर्ज मागे घेतला तर आपणही घेऊ, असं तो हळूच म्हणाला. निर्मलानं पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

माझी चोरी मात्र लगेच सगळ्यांना कळली. वस्तू होती, मालक होता, चोर होता. लेखणी भराभर चालली.

जामीनदार पाहिजे, तोही घराबाहेरचा, असं हवालदार म्हणाला. निर्मलानं तीन-चार फोन लावले. कुणी उचलला नाही, कुणी बाहेरगावी होतं. दुपार झाली. शिपाई मोबाइलवर निकाल बघत होते. कळंब्यात क्रांती पडली, असं त्यांच्यापैकी एक म्हणाला. निर्मलानं हातातला फोन माझ्या शेजारी ठेवला.

थोड्या वेळानं बाहेर गाडी उभी राहिली आणि क्रांती आत आली. मतमोजणीवरून थेट. गुलाल कुणीतरी दुसऱ्यानं उधळलेला होता, तो तिच्या पदरावर पडला होता, असं शिपाई मागून म्हणत होते. तिला कुणी कळवलं हे मला माहीत नाही. अण्णाप्पानं कळवलं असावं.

‘कुठं सही करायची?’ तिनं विचारलं.

सही केली, आधार कार्ड दिलं. मग बाजूला ठेवलेला अर्ज तिनं उचलून हवालदारासमोर ठेवला. ‘हिनं माईक उचलला ते लिवलंय न्हवं? त्यानं काय उचललं ते बी लिवा.’ हवालदार म्हणाला, ताई, मालाचं वर्णन काय लिहू? ती उभीच राहिली. शेवटी त्यानं लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, ‘आवाज, नग एक.’ विजयसिंह हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

निर्मलानं तिचं नाव घेतलं. क्रांती दारात थांबली.

‘मी जामीन झालोय. माफ केलेलं न्हाय.’

आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

सध्या मी ठाण्याच्या मागच्या खोलीत आहे, जप्त मालाच्या. माझ्या मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली आहे. एका बाजूला वाढदिवसाचे केक कापलेल्या तलवारी, दुसऱ्या बाजूला फटाक्यासारखे वाजणारे सायलेन्सर. दोघेही स्वतःला फार मोठे समजतात. उंदरानं चिठ्ठीचा दोरा कुरतडला आहे.

बाहेरच्या रस्त्यानं रोज एक रिक्षा जाते. तिच्यात निर्मलाचा आवाज असतो. कधी फर्निचर विकतो, कधी ॲडमिशन. आता त्यांनी त्यात श्वासही घातला आहे, मधेच एक बारीक खोकलासुद्धा. शिपाई ती जाहिरात गुणगुणतात. खरी निर्मला गेल्या आठवड्यात चौकशीला आली होती. तिच्याबरोबर कुस्तीचा पुकारा करणारे होते, लग्नाचं निवेदन करणारे होते. त्यांनाही विजयसिंहानं आंब्याची आणि गाडीची वाक्यं वाचायला लावली होती. त्यांनी आपापले अर्ज तिच्या अर्जाला जोडले. हवालदाराला आता वर्णन विचारावं लागलं नाही.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की माझ्यावर दया करू नका. मी लोखंड आहे. त्या माणसांवरही करू नका, त्यांना ती नको आहे. त्यांच्या आवाजाचं काही करायच्या आधी, करू का, एवढं फक्त त्यांना तोंडावर विचारा. विचारायला तुम्हाला एवढं जड का जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

कोर्टाची तारीख लागली आहे. मला पुरावा म्हणून नेतील. निर्मला येईल, आणि जामीनदारालाही यावं लागेल असं हवालदार म्हणाला. कोर्टात बाहेरच्या बाकावर फार वेळ बसावं लागतं म्हणे. दोघी बसतील. कदाचित एकीकडं एक, एकीकडं एक. कदाचित बोलणार नाहीत. पण बोलल्याच, तर त्या वेळी मला कुठलीही तार जोडलेली नसावी.